आमच्याकडे बर्फ पडत नाही

ताईच्या बाळाचं बारसं होतं तेव्हा मला फोटोग्राफी शिकायला लागून चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत माणसाला जेवढा कॉन्फिडन्स येऊ नये तेवढा मला आला होता. दाजी फोटोग्राफर ठरवत होते तर मीच म्हणलं कशाला पैसे घालवता, मी आहे की. मावसभावानं हौसेनं घेऊन कपाटात टाकलेला कॅननचा १३००डी माझ्याकडं होता, त्याला ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स होती, आणि डोक्यात यूट्यूबवरचे किमान दीडशे व्हिडिओ होते. त्यातल्या एकात ठासून सांगितलेलं की लहान मूल असेल तर शटर १/२५० च्या खाली, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा हळू, आणायचंच नाही. मी आणलं नाही.

बायकांनी पाळण्याच्या खालून वरून बाळ फिरवलं, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या, मग आत्यानं वाकून कानात कुर्रर्र केलं, बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, आणि मी गुडघ्यावर बसून एका दमात पंधरा-वीस फ्रेम मारल्या. रात्री लॅपटॉपवर बघतो तर पहिल्या फ्रेममध्ये सगळे पिवळे, दुसरीत हिरवट, तिसरीत कुणीतरी अर्धी लाइट घालवल्यासारखा अंधार, चौथी जरा बरी, पाचवी परत पिवळी. सेटिंग सगळ्यांना तेच, एक बटण मी हलवलं नव्हतं. ताई बराच वेळ बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "अरे, ह्यात बाळाला कावीळ झाल्यासारखी दिसतीय."

आता दोन-अडीच वर्षांनी लोक विचारतात क्लास कुठला लावलेलास, कोर्स किती हजारांचा होता. कुठलाच नाही. मी वाईत एका पतसंस्थेत कामाला आहे, साडेपाचला सुटतो, आणि जे काय शिकलो ते रोजच्या दीड जीबीत शिकलो. पण "सगळं नेटवर फुकट आहे की" असं जे लोक म्हणतात ना त्यात एक मेख आहे, आणि ती मला ह्या कावीळवाल्या फोटोंनी कळली.

त्या फोटोंचं काय झालं ते आधी सांगतो. माझा पहिला संशय कॅमेऱ्यावर, दुसरा लेन्सवर. मग दोन रात्री शोधाशोध करून कळलं की दोष आमच्या हॉलमधल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा आणि माझ्या १/२५० चा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. करंट सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडं जाऊन येतो, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला ते कळत नाही. शटर १/१०० ठेवलं तर एक अख्खी उघडझाप फोटोत येते, १/५० ला दोन येतात, म्हणून उजेड दर वेळी सारखाच. पण १/२५० ला त्या उघडझापीचा एक तुकडाच हाताला लागतो, कधी उजळ असतानाचा, कधी मंद होतानाचा, आणि मंद होताना ट्यूबचा रंगही बदलतो. झाली कावीळ.

गंमत पुढं आहे. हे कळल्यावर उपाय शोधला तर जो तो सांगतोय १/६० वर ठेवा, नाहीतर १/१२० च्या आसपास. मी ठेवलं. बरं आलं पण पूर्ण गेलं नाही. मग एका कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलेलं सापडलं की बाबांनो हा माणूस अमेरिकेत राहतो, तिकडं वीज ६० हर्ट्झची असते. म्हणजे त्याचा १/६० त्याच्या घरी बरोबरच होता, फक्त माझ्या घरी चुकीचा होता. मी स्वयंपाकघरात टोमॅटोची परडी ठेवून ट्यूबखाली १/२५० ला वीस फोटो काढले आणि १/१०० ला वीस. पहिल्या विसात टोमॅटो पाच-सहा प्रकारचे, दुसऱ्या विसात एकच. आई म्हणाली झालं असेल तर दे ते इकडं, आमटीत घालायचेत.

तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. नेटवरचं फुकटचं ज्ञान खोटं नसतं, पण ते कुणाच्या तरी गावात बसून सांगितलेलं असतं, त्यांच्या विजेत, त्यांच्या उन्हात, त्यांच्या माणसांवर. आपल्याकडं आणताना ते जरा उसवून परत शिवावं लागतं. क्लासचा मास्तर असता तर त्यानं ते शिवूनच दिलं असतं. पैसे बहुतेक त्याचेच असतात.

दुसरं उदाहरण बर्फाचं. एक्स्पोझर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करणं, हे शिकवताना जगातला प्रत्येक इंग्रजी माणूस बर्फाचा फोटो दाखवतो, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मुद्दा असा की कॅमेऱ्याच्या मीटरला रंगरूप काही कळत नाही, त्याला समोरचं सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. समोर बर्फच बर्फ असेल तर त्याला वाटतं बापरे किती उजेड, आणि तो फोटो काळवंडून टाकतो, पांढऱ्याचं राखाडी होतं. म्हणून प्लस एक करा. मी हे चार ठिकाणी वाचलं, मान डोलावली, विसरून गेलो. बर्फ मी बघितलाय तो रसवंतीतला.

मग जूनमध्ये माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात आली तेव्हा मी आणि एक मित्र टू-व्हीलरवर लोणंदकडं गेलो आणि पुढं तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला थांबलो. समोर हजारो पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. मी फोटो काढतोय आणि स्क्रीनवर सगळं धुण्याच्या साबणाची जाहिरात असते ना, त्यातल्या 'आधी'सारखं. राखाडी, मळकट. मला वाटलं आभाळ आलंय म्हणून असेल. पाच-सात मिनिटं तसाच काढत राहिलो आणि मग एकदम ट्यूब पेटली (ही १०० हर्ट्झवाली नाही), अरे हाच की तो बर्फ! एव्ही बटण दाबून चाक फिरवलं, प्लस एक, आणि पुढच्या फोटोत धोतर धोतराच्या रंगाचं झालं. एवढा आनंद झाला की मी रस्त्याच्या मधेच उभा, तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "माउली, जरा कडंला व्हा, टाळकरी येत्यात."

त्याच्या उलटं वाईतच होतं. काशी विश्वेश्वराच्या देवळापुढं काळ्या दगडाचा नंदी आहे, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. त्याच्यावर फ्रेम भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो नंदीला राखेसारखा भुरकट करतो. तिथं मायनस एक. आता मला विचाराल तर मराठी माणसाला हे शिकवायला बर्फ लागत नाही, धोतर आणि नंदी दोन्ही आपल्या दारात आहेत. एक मात्र कबूल करतो की वारीत उन्हानं रापलेला चेहरा आणि वर पांढरी टोपी हे कोडं मला अजून नीट सुटत नाही, चेहरा धरला तर टोपी जळते म्हणजे नुसता पांढरा डाग होतो, टोपी धरली तर चेहरा कोळसा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न बदललेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढून नंतर सावल्या वर उचलतो, निम्म्या वेळा जमतं. तिकडच्या ट्युटोरियलमधली मॉडेल बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, त्यांना हा प्रॉब्लेम येतच नाही. हे आजचं नाही बरं का, फिल्मच्या काळात कोडॅक लॅबवाल्यांना रंग जुळवायला नमुन्याचं कार्ड द्यायची, 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला, त्यावर कैक वर्षं गोरीच बाई असायची.

गोल्डन अवरचंही, म्हणजे सूर्य मावळायच्या आधीच्या पिवळ्या उन्हाचंही, तसंच. व्हिडिओतला माणूस निवांत कॉफी घेऊन निघतो, टेकडीवर जातो, ट्रायपॉड लावतो, गप्पा मारतो आणि तरी ऊन पिवळंच. मी गणपती घाटावर ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत खेळ खल्लास. मला वाटायचं मीच ढिला आहे. तर नाही, आपण १८ अंश अक्षांशावर आहोत, इथं सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, लंडनकडं तो तिरका घसरत जातो. हिशोब केला तर मार्च किंवा सप्टेंबरात शेवटचे ६ अंश उतरायला आपल्याकडं साधारण २५ मिनिटं लागतात, लंडनला जवळपास ४० मिनिटं. त्यात वाईला पश्चिमेला पसरणी घाटाचे आणि पाचगणीचे डोंगर. सूर्य कुठं कधी मावळतो हे दाखवणारी सनकॅल्क नावाची साइट आहे, फुकट, फार कामाची, पण तिला आमचे डोंगर माहीत नाहीत, ती सपाट जमीन धरते. आमच्याकडं तिच्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच ऊन उचललं जातं. मी आता संध्याकाळचा नाद सोडलाय, सकाळी जातो.

आता काय काय बघितलं वाचलं ते. सुरुवातीचे दीडशे व्हिडिओ सोडून द्या, त्यातले निम्मे 'ही चूक करू नका' आणि निम्मे 'हा कॅमेरा घ्या' होते. ते बघताना आपण शिकतोय असं वाटतं, कॅमेरा मात्र कपाटात असतो. खरं शिकणं सुरू झालं ते मार्क लेव्हॉय यांच्या लेक्चर्समुळं. हा माणूस स्टॅनफर्डमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकवायचा, डिजिटल फोटोग्राफीचा कोर्स घ्यायचा, नंतर गूगलच्या पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यामागं हाच होता, रात्रीचे फोटो काढणाऱ्या त्या नाइट साइटमागंही. त्यानं २०१६ मध्ये हा कोर्स गूगलमध्ये परत शिकवला आणि सगळी १८ लेक्चर्स फुकट टाकून दिली. चकाचक एडिटिंग नाही, एक माणूस फळ्यापुढं उभा. मला इंग्लिश समजतं पण त्या स्पीडनं नाही, म्हणून सबटायटल लावून ०.७५ वर बघायचो, त्यामुळं एकेक लेक्चर दोन-दोन संध्याकाळी चालायचं. त्याच्या साइटवर लेन्स हलवून बघायचे छोटे ॲप्लेट पण होते, पण ते फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमधले (कॅमेऱ्याचा फ्लॅश नव्हे), आणि ते २०२० च्या शेवटी बंद पडलं. फुकटच्या गोष्टींचं हे पण असतं, कधी गायब होतील सांगता येत नाही, म्हणून मी वहीत लिहून घेतो. माझी एक दोनशे पानी वही आहे, पतसंस्थेच्या पासबुकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलेली.

एफ नंबरचं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणाऱ्या आकड्याचं, कोडं त्या वहीत सुटलं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, हे आकडे असे वेड्यासारखे का? आणि आकडा मोठा तर भोक लहान का? दुसऱ्याचं उत्तर सोपं, तो भागाकार आहे, लेन्सची फोकल लेंग्थ (५० एमएम म्हणतात ती) भागिले भोकाचा व्यास. पहिल्यावर मी आठवडाभर अडकलो. लेव्हॉय सांगतो क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर व्यास १.४ पट करायचा, म्हणजे दोनाचं वर्गमूळ, पण ते कागदावर पटतं आणि डोक्यात बसत नाही. मग आई पोळ्या लाटत होती तेव्हा विचारलं, सात इंचाच्या पोळीला जेवढा गोळा लागतो त्याच्या दुप्पट गोळा घेऊन तेवढीच जाड पोळी लाटली तर केवढी होईल? मला वाटलेलं चौदा. तिनं लाटून दाखवली, फूटपट्टी लावली, दहा इंचाला जरा कमी. सात गुणिले १.४. कणीक दुप्पट, पोळी दीडपट पण नाही. तसाच उजेड. आता कुणी एफ ४ ते एफ ५.६ म्हणलं की मला निम्मा गोळा दिसतो.

कॅम्ब्रिज इन कलर नावाची जुनी साइट आहे, दिसायला साधी, पण आकृत्या अशा की व्हिडिओ नको वाटतात. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती पांढरं किती ते दाखवणारा आलेख, मी तिथं शिकलो. सनी सिक्स्टीनचा नियम, म्हणजे टळटळीत उन्हात एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओएवढं (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा), आयएसओ १०० ला १/१००, हा पण एका लेखात वाचला आणि एप्रिलच्या दुपारी मेणवलीच्या घाटावर मीटरकडं न बघता तपासला. हा मात्र जसाच्या तसा चालला, ह्याला कुठं शिवण मारावी लागली नाही. ऊन सगळीकडं ऊनच. फक्त तिथल्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे असतात, त्याला नियम काय करणार.

एडिटिंगला डार्कटेबल. फुकट, ओपन सोर्स, आणि पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवल्यासारखं वाटतं. माझ्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते इतकं हळू चालतं की एक स्लायडर ओढून मी चहा टाकून येतो. पहिले सहा महिने मी सगळ्यांचे चेहरे केशरी केले होते, ते अल्बम कृपया कुणी वर काढू नये.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट कुठंच मिळत नव्हती. माझा फोटो बघून चूक सांगणारं कुणी. व्हॉट्सॲपवर टाकला की सात अंगठे आणि "भारी रे". आई म्हणते छान. त्या 'छान'नं मी कुठं जाणार?

ते मिळालं विकिमीडिया कॉमन्सवर. विकिपीडियातले फोटो जिथं साठवलेले असतात ती जागा. मी तिथं आधी नुसता बघायला जायचो, कारण कुठल्याही फोटोच्या पानावर खाली गेलं की बहुतेक वेळा कॅमेऱ्याची सगळी माहिती असते, कुठली लेन्स, किती शटर, किती अपर्चर (लेन्सचं भोक), किती वाजता काढला. वाईच्या घाटाचे फोटो आहेत तिथं. मी ज्या पायरीवर उभा राहतो साधारण तिथूनच कुणीतरी काढलेला फोटो, आणि त्यानं काय सेटिंग ठेवलं होतं ते समोर. मी मोबाइलवर ते पान उघडून घाटावर जाऊन तीच फ्रेम लावायचो आणि माझा फोटो त्याच्यासारखा का येत नाही ते बघायचो. बहुतेक वेळा तो सकाळी सातला आलेला असायचा आणि मी दहाला.

मग एका सप्टेंबरात धाडस करून स्वतःचा टाकला. दर सप्टेंबरात तिथं 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' असते, जुन्या वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा, २०१० ला नेदरलँड्समध्ये सुरू झालेली, भारत पण असतो त्यात. मी ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत काढलेली. ती भिंत बघायला सांगा कुणी आलं तर, माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी कापलं जावं आणि देवळाला धक्का लागू नये म्हणून. १७६२ च्या आसपासचं बांधकाम. तो आकार यायला मागं मागं जावं लागतं, मी ५० एमएम लावून मागं जात जात कृष्णेत गुडघाभर उतरलो, चप्पल एक वाहून गेली, शेवटी कॅमेऱ्याबरोबर येते ती किट लेन्स लावून १८ एमएमला काढला, त्यात जास्त रुंद मावतं. स्पर्धेत अर्थातच काही झालं नाही. पण तिथं 'क्वालिटी इमेज' म्हणून एक वेगळा प्रकार असतो, आपण आपला फोटो ठेवायचा आणि कुणीही दुसरा मेंबर येऊन तपासतो. मी ठेवला. दोन दिवसांनी कुणा अनोळखी माणसानं एका ओळीत नापास केला, फोटो डावीकडं झुकलाय, शिखराच्या कडा वर जाताना आत येतायत, आणि आभाळ जळालंय.

मला आधी राग आला. मग फोटो उघडून ग्रिड लावली. झुकलेला होता. एक अंशानं असेल, पण होता. शिखर खरंच मागं पडल्यासारखं दिसत होतं, कारण खालून कॅमेरा वर करून काढला की उभ्या रेघा वरच्या बाजूला एकत्र येतात. आणि आभाळ तर नुसता पांढरा कागद. तीन चुका, आणि "भारी रे" म्हणणाऱ्या साताजणांपैकी एकालाही दिसल्या नव्हत्या, मला पण नाही. त्या माणसानं माझ्यावर फार तर दोन मिनिटं घालवली असतील. पुढच्या आठवड्यात मी सहाला उठून गेलो, पलीकडच्या काठावरून, कॅमेरा सरळ धरून काढला. तो पास झाला, पण मला अजून तो नापासवालाच जास्त लक्षात आहे.

सेटिंगच्या बाहेरचं शिकायला अजून एक सांगतो आणि थांबतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर १९३०-४० च्या दशकातले तिथल्या सरकारी फोटोग्राफरांनी काढलेले सुमारे १,७५,००० ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आहेत, मंदीत देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचे वगैरे, मोठ्या साइजमध्ये फुकट डाउनलोड होतात. डोरोथिया लँग ह्या फोटोग्राफर बाईनं १९३६ मध्ये काढलेला एका गरीब आईचा 'मायग्रंट मदर' हा प्रसिद्ध फोटो त्यातलाच. तो सगळ्यांनी बघितलेला असतो, पण तिथं त्याच बाईचे त्या वेळचे दुसरे फोटो पण आहेत. एकात ती तंबूसकट लांबून दिसते, मग जवळून, बाळ मांडीवर, आणि मग ती फ्रेम ज्यात बाकीचं सगळं गळून गेलंय. मी ते एकामागं एक लावून बघितले आणि कळलं की लँगनं पण पहिल्याच झटक्यात काढला नव्हता, ती एकेक पाऊल पुढं जात होती. मी चप्पल घालवली ती मागं मागं जाण्यात.

असो. मागच्या महिन्यात ताईच्या दुसऱ्या मुलीची उष्टावण झाली. ट्यूब त्याच, चोकवाल्या, दाजी बदलतो बदलतो म्हणून अजून बदलल्या नाहीत. मी १/१०० वर ठेवून बसलो, रंग सगळ्या फ्रेममध्ये एकसारखे, कावीळ नाही काही नाही. पण १/१०० म्हणजे हळूच की, मामाच्या हातातला खिरीचा चमचा तोंडाशी आला आणि पोरीनं असा फटका मारला की फोटोत तिचा हात म्हणजे नुसता एक पांढरट पट्टा आलाय, आणि खीर हवेत. मी तो डिलीट करणार होतो. ताईनं प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हा बघा, हा हललेला आहे ना, हा आमच्या दादानं काढलाय.